उत्सवमूर्ती

जुनं विमान जिवंत आहे की मेलेलं, हे ओळखायचं असेल तर त्याच्या पोटाखाली बघावं. जिवंत असेल तर खाली एक ट्रे ठेवलेला असतो आणि ट्रेमध्ये तेल साचलेलं असतं. हे मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगितलं होतं. ते हवाई दलात रिगर होते. इंजिन बघणारा तो फिटर आणि विमानाचं धड, पंख, शेपूट बघणारा तो रिगर, ही वाटणी ते आयुष्यभर ठासून सांगत. घरातला पंखा बंद पडला तरी म्हणायचे, “मोटर जळली असेल तर माझं काम नाही. पात्यांचं काही असेल तर सांग.”

2019च्या उन्हाळ्यात लेकीला भेटायला केंब्रिजला गेलो होतो. तिच्या मनात मला कॉलेजं दाखवायची होती, नदीत नावेतून फिरवायचं होतं. मी म्हटलं, आधी डक्सफर्ड. बसने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पहिल्या महायुद्धातला हा विमानतळ. स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं गाजलेलं लढाऊ विमान. 1938च्या ऑगस्टमध्ये पहिली स्पिटफायर इथेच 19 नंबरच्या स्क्वॉड्रनकडे, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीकडे, आली. आता तो इम्पीरियल वॉर म्युझियमच्या ताब्यात आहे. एकामागून एक प्रचंड हँगर. पहिल्या एक-दोन हँगरांत संग्रहालयात असतात तशी विमानं होती. स्वच्छ, गप्प, पाटी लावलेली. पुढच्या हँगरमध्ये शिरलो आणि आधी वास आला. तेल, पेट्रोल, तापून थंड झालेलं रबर. मग खाली बघितलं. जवळजवळ प्रत्येक विमानाखाली ट्रे. दोरीपलीकडे दोघं-तिघं रेडिओ लावून काम करत होते आणि एका स्पिटफायरचा उजवा पंख उतरवून गादीवर आडवा ठेवला होता, एखाद्या आजाऱ्यासारखा.

“बाबा, तू रडतोयस का?” लेकीने विचारलं. नव्हतो. पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात.

अण्णा 1954मध्ये अठराव्या वर्षी भरती झाले आणि शिक्षणासाठी बंगळूरजवळच्या जलहळ्ळीला गेले. तोवर स्पिटफायरचे दिवस संपत आले होते. जेट आली होती. मुलांच्या हाताला वळण लागावं म्हणून जुनी विमानं तिथे ठेवलेली असत. ती कधीच उडायची नव्हती. पंख काढा, पंख लावा. पत्रा उचकटा, रिव्हेट मारा. अण्णा म्हणायचे, मेडिकलच्या पोरांना प्रेत देतात तसं आम्हाला स्पिटफायर दिलं होतं. त्यांची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. मजकूर इंग्रजीत, समासातली बडबड मराठीत. त्यात पंखाच्या मुख्य आडव्या कण्याचं एक चित्र आहे. स्पिटफायरचा तो कणा म्हणजे चौकोनी नळीत चौकोनी नळी, तिच्यात आणखी एक, अशी रचना; धडापाशी सगळ्या नळ्या एकात एक भरलेल्या, आणि पंखाच्या टोकाकडे जावं तशी एकेक संपत जाते. जिथे ताण जास्त तिथे धातू जास्त. अण्णांनी शेजारी लिहिलंय: “आईचे पिठाचे डबे.”

उडणारं स्पिटफायर त्यांच्या वाट्याला आलं नाही, पण उस्तादांकडून ऐकलेले किस्से स्वतःचेच असल्यासारखे सांगत. जमिनीवर फार वेळ उभं राहिलं की हे विमान तापतं. रेडिएटर पंखाखाली, आणि चाकाचा पाय उघडला की तो नेमका रेडिएटरच्या तोंडासमोर येतो, वारा अडतो. म्हणून वैमानिक धावपट्टीच्या तोंडाशी ताटकळायला तयार नसायचे. “उभं राहिलं की डोकं फिरतं, हवेत गेलं की शांत,” अण्णा सांगायचे आणि आमच्या एका काकांकडे बघायचे. इंजिन जमिनीवर जोरात चालवून बघायचं तर शेपटीवर माणूस बसवावा लागे, नाहीतर विमान नाकावर येई. कुणाला बसवायचं? जो सगळ्यात नवा त्याला.

आपल्या हवाई दलाकडे स्पिटफायर 1944पासून होती, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी. 1947-48ला काश्मीरमध्येही ती उडाली, टेम्पेस्ट या दुसऱ्या लढाऊ विमानाच्या जोडीने. तिथल्या हवाई कारवाईचं नेतृत्व करणारे हृषीकेश मूळगावकर मराठी माणूस, महावीर चक्राचे मानकरी, पुढे 1976 ते 78 वायुसेनाप्रमुख. हे अण्णांना फार महत्त्वाचं वाटायचं. मग काळ बदलला आणि ही विमानं तळांच्या फाटकांवर, प्रशिक्षण संस्थांच्या अंगणांत आणि शेडच्या मागे जाऊन बसली.

इथे आपल्या एका राष्ट्रीय सवयीबद्दल बोलायलाच हवं. आपण वस्तू टाकत नाही, माळ्यावर ठेवतो. “लागेल कधीतरी.” इंग्रजांनी वीस हजारांवर स्पिटफायर बांधली आणि युद्ध संपल्यावर झपाट्याने भंगारात काढली. 1940च्या जुलैमध्ये विमाननिर्मितीचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी ब्रिटिश गृहिणींना आवाहन केलं होतं की ॲल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची स्पिटफायर करू. पाच-सहा वर्षांत चक्र उलटं फिरलं आणि लढून आलेली विमानं भट्टीत गेली. 1940मध्ये इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी झालेल्या लढाईत प्रत्यक्ष लढलेलं आणि आजही उडणारं पी7350 हे विमान 1948मध्ये भंगारवाल्याला विकलंही गेलं होतं. त्या भंगारवाल्यांच्याच लक्षात आलं की हे काहीतरी वेगळं आहे, आणि त्यांनी ते परत दिलं. जुन्या बाजारात असा भंगारवाला मला अजून भेटायचा आहे.

आपल्याकडे मात्र ती माळ्यावर पडून राहिली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ओर्मंड हेडन-बेली नावाचा विमानवेडा वैमानिक भारतात आला आणि अशी पडून राहिलेली अर्ध्या डझनाहून जास्त स्पिटफायर त्याने मिळवली. ती इंग्लंडला पोचलेली बघणं त्याच्या नशिबी नव्हतं. 1977मध्ये जर्मनीत मस्टँग हे जुनं लढाऊ विमान उडवताना तो गेला. काम त्याच्या भावाने पुरं केलं. जगात आज उडती स्पिटफायर असतील साठ-सत्तर. त्यांतली काही भारताच्या माळ्यावरून खाली उतरलेली आहेत. त्यातलं एक, एमव्ही293, ग्रिफन इंजिनाचं आणि पाच पात्यांच्या प्रॉपेलरचं, जलहळ्ळीला होतं. पुढे ते डक्सफर्डच्या ‘फायटर कलेक्शन’मध्ये आलं आणि 1992पासून पुन्हा उडू लागलं.

हे मी कुठेतरी वाचलं तेव्हा अण्णा होते. मी तावातावाने त्यांना म्हटलं, “अण्णा, तुम्ही ज्याच्यावर हात साफ केलात ते विमान इंग्रजांनी नेलं!”

अण्णांनी पेपर खाली ठेवला. “साहेबाने बनवलं, साहेबाने सोडलं, साहेबाने नेलं. मधली काही वर्षं आपण पुसलं. त्यात आपलं काय?”

कायद्यानेही त्यांचंच बरोबर होतं. आपला 1972चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं जुन्या वस्तूला पुरावस्तू म्हणतो. 1978ला स्पिटफायर जेमतेम तिशीतलं. माळ्यावरचा पितळी बंबही त्याहून जुना निघाला असता. पण अण्णांचा हिशेब मला पूर्ण पटलेला नाही, आणि त्याला कारण बडोदा. युद्धाच्या काळात पाच हजार पौंड दिले की एक स्पिटफायर तुमच्या नावाचं, अशी पद्धत होती. खरा खर्च त्याहून बराच जास्त होता, पण आकडा लोकांच्या तोंडी बसला. साम्राज्यभर वर्गण्या झाल्या. गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने इतकं दिलं की रॉयल एअर फोर्सच्या 124व्या स्क्वॉड्रनचं नावच ‘बडोदा स्क्वॉड्रन’ झालं. 132वं होतं ‘सिटी ऑफ बॉम्बे’. हैदराबादचं वेगळं, म्हैसूरचं वेगळं. म्हणजे इंग्लिश खाडीवर उडणाऱ्या काही विमानांत आपल्या आज्या-पणज्यांचे आणेही होते, राजीखुशीने दिलेले की दुसऱ्या कशाने, तो वेगळा विषय. त्या विमानांवर आपलं नाव होतं. मालकी नव्हती.

तर मालकी कशाला म्हणायचं?

डक्सफर्डला एन3200 या नंबरचं एक स्पिटफायर आहे. ते स्वतः संग्रहालयाच्या मालकीचं आहे आणि तरी उडतं, म्हणून त्याची गोष्ट सांगतो. 26 मे 1940. फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ब्रिटिश फौजेला वाचवण्यासाठी 19 स्क्वॉड्रनचा प्रमुख जेफ्री स्टीफन्सन ते घेऊन निघाला. विमानाची ती पहिलीच मोहीम, आणि शेवटची. इंजिनाला गोळ्या लागल्या, त्याने फ्रान्सच्या सांगात गावाजवळच्या वाळूवर ते पोटावर उतरवलं. तो पकडला गेला. जर्मन शिपायांनी विमानासोबत फोटो काढून घेतले, हाताला येईल ते ओरबाडून नेलं. मग भरती-ओहोटीने ते वाळूत गिळलं. 1986मध्ये बाहेर निघालं, 2014मध्ये पुन्हा उडालं. दोन दिवस आधी कॅलेजवळ असंच उतरलेलं आणि 1980मध्ये वाळूतून डोकं वर काढलेलं पी9374 हे त्याचं भावंडच म्हणायचं. दोन्ही विमानं टॉमस कॅप्लन या अमेरिकन धनिकाने आणि सायमन मार्श यांनी उभी केली. 9 जुलै 2015 या एकाच दिवशी एन3200 डक्सफर्डच्या संग्रहालयाला दान केलं आणि पी9374 लंडनमध्ये लिलावात काढलं. एकतीस लाख पौंड आले, तेव्हाच्या भावाने तीस कोटी रुपये. तो पैसा गेला हवाई दलाच्या कल्याण निधीला आणि वाघ-बिबट्यांच्या संवर्धनाला. विमान विकून बिबट्या वाचवायचा! जुन्नरच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला हे सांगून बघितलं पाहिजे.

आता अडचण अशी की चाळीस-शेहेचाळीस वर्षं समुद्राच्या वाळूत राहिलेल्या ॲल्युमिनियममधून उडण्याजोगं काय निघणार? फारच थोडं. काही भाग, नंबराची पाटी, बाकी नमुना म्हणून उपयोगी पडेल असा सांगाडा. त्याच्यावरून मूळ आराखड्यांबरहुकूम नवे पत्रे कापतात, नवी कणानळी बसवतात, रिव्हेट मारतात. प्रॉपेलरची लाकडी पाती बनवून देणारी एक नावाजलेली कंपनी जर्मनीतली आहे, बव्हेरियातल्या रोझेनहाइमची. ज्यांच्यावर गोळ्या झाडायला हे विमान बनलं त्यांच्याच देशातून त्याच्या नाकावरची पाती येतात. मग हे 1940चं विमान आहे की 2014चं? एमव्ही293ची तर आणखीच गंमत. जॉनी जॉन्सन या गाजलेल्या वैमानिकाच्या विमानाची अक्षरं आणि नंबर रंगवून ते कितीतरी वर्षं उडत होतं. म्हणजे अंगात आपण, आणि अंगावर दुसऱ्याचं नाव.

हौशी मंडळींत यावर कडाक्याची भांडणं होतात. पाटी खरी म्हणून विमान खरं, असं एक टोक. सत्तर टक्के धातू नवा म्हणजे ही नक्कल, असं दुसरं. मला हे भांडण गावचं वाटतं, कारण ते मी गावात ऐकलेलं आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. ग्रामदेवतेची काळ्या पाषाणाची मूर्ती गाभाऱ्यात. ती हलत नाही. तिला अचल म्हणतात. शिमग्याला मात्र चांदीची रूपं, म्हणजे देवीचे मुखवटे, पालखीत लागतात आणि देवी घरोघर येते. सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, बसते, गाऱ्हाणी ऐकते, आणि खांद्यांवर अशी नाचते की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पालखी कलते, खांदेकऱ्याचा पाय घसरतो, रूपांना पोचे पडतात. मी लहान असताना एका वर्षी रूपं फारच झिजली म्हणून नवी करायची ठरली. सोनाराने विचारलं, जुनी चांदी मोडीत घेऊ का? अख्खा गाव अंगावर गेला त्याच्या. शेवटी जुनी चांदी वितळवून तिच्यातच नवी घालून रूपं घडवली. किती जुनी, किती नवी, कुणी तोळून बघितलं नाही. पुढच्या शिमग्याला पालखी नाचली आणि विषय संपला.

संग्रहालयातलं विमान ही अचल मूर्ती. त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा खरा, रंगाचा पोपडाही खरा, आणि त्याला कुणी हात लावू नये हेच बरोबर. उडणारं विमान ही उत्सवमूर्ती. तिने बाहेर पडायचं, उन्हावाऱ्यात नाचायचं, झिजायचं आणि सोनाराकडे जाऊन यायचं. दोन्ही लागतात. एकीवरून दुसरीला खोटं ठरवणाऱ्यांना एकदा शिमग्याला आणलं पाहिजे. आणि मालक? तो मानकरी. पालखीला पहिला खांदा देण्याचा मान त्याचा. मानासाठी खर्च करतो, भांडतो, प्रसंगी कोर्टात जातो; पण देवी त्याची आहे असं तो स्वतःही म्हणत नाही. एकतीस लाख पौंडांत त्या लिलावातल्या माणसाने काय घेतलं असेल, तर हा खांदा.

तरी माझं हे रूपक एका ठिकाणी अडतं. पालखी घसरली तर गुडघा फुटतो. विमान घसरलं तर? 22 ऑगस्ट 2015ला इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या एअर शोमध्ये हॉकर हंटर विमान कसरत करताना हमरस्त्यावर कोसळलं. अकरा माणसं गेली, कित्येक तर नुसती रस्त्याने चालली होती. तेच हंटर, जे आपल्या हवाई दलाने 65 आणि 71मध्ये वापरलं. 2022च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत डॅलसला बी-17 आणि किंगकोब्रा ही दुसऱ्या महायुद्धातली दोन विमानं हवेत आदळली. सहा जण गेले, आणि बोटांवर मोजता येतील इतक्या उडत्या किंगकोब्रांतलं एक गेलं. आणि मी डक्सफर्डहून आल्यावर पाचेक वर्षांनी, 25 मे 2024ला, रॉयल एअर फोर्सच्याच स्मृती-ताफ्यातलं स्पिटफायर कोनिंग्जबीजवळ पडून स्क्वॉड्रन लीडर मार्क लाँग गेले. त्या रात्री अण्णांची वही काढून बसलो होतो, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. माझं मत विचाराल तर ज्या जातीची साठ विमानं उडतात ती उडू द्यावीत, लोकांच्या डोक्यांवरून नव्हे, मोकळ्या मैदानावरून. आणि ज्या जातीची दोन-चारच उरली ती गाभाऱ्यात ठेवावीत. हे मत हँगरमध्ये कुणाला पटलं नसतं.

मानकऱ्याचा हव्यास कुठवर जातो त्याचा किस्सा अण्णांच्या शेवटच्या वर्षांतला. पेपरात बातमी आली की ब्रह्मदेशात स्पिटफायर पुरलेली आहेत. 1945मध्ये खोक्यांत बंद करून, ग्रीस लावून, अगदी नवीकोरी. डेव्हिड कंडॉल नावाचा इंग्रज शेतकरी कितीतरी वर्षं त्यांच्या मागावर होता. आकडा वाढत वाढत शंभरापलीकडे गेला. 2012मध्ये खुद्द पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ब्रह्मदेशाच्या राष्ट्राध्यक्षांकडे विषय काढला. एका व्हिडिओ गेम कंपनीने पैसे दिले, 2013च्या जानेवारीत यांगूनच्या विमानतळावर खोदकाम सुरू झालं. मी रोज बातमी वाचून दाखवायचो. आमच्या गावातही पडक्या वाड्याखाली गुप्तधन आहे, त्यावर नाग आहे, असं चार पिढ्या सांगतात. मला तोच थरार वाटत होता. अण्णा म्हणाले, “लाकडाचं खोकं. ब्रह्मदेशातला पाऊस. सत्तर वर्षं. उघडशील तेव्हा काय असेल? चिखलच.” पण तो चिखलही निघाला नाही. विमानाचा एक खिळाही नाही. कंपनीने फेब्रुवारीत जाहीर केलं की इथे स्पिटफायर नाहीत. कंडॉल यांचा विश्वास तरीही ढळला नाही. आमच्या वाड्याचा नाग तसाच आहे.

अण्णा 2014मध्ये गेले.

आपल्याकडच्या अचल मूर्तींबद्दल थोडं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत आहे, एचएफ-24. लेक सात वर्षांची असताना तिला तिथे नेलं होतं. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळूरला घडलेलं, 1961मध्ये पहिल्यांदा उडालेलं, 71ला राजस्थानच्या आघाडीवर लढलेलं आपलं पहिलं लढाऊ जेट. दीडशेच्या आसपास बनली. आज एकही उडत नाही. एक म्युनिकजवळच्या संग्रहालयात आहे. लेकीने त्याच्याकडे बघून विचारलं होतं, “हे खरं आहे?” मी हो म्हटलं. “मग याला आवाज का नाही?” लहान मुलांना आवाज म्हणजेच खरेपणा वाटतो, आणि मला आता वाटतं की त्यांचं फारसं चुकत नाही. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक उभं आहे, 71मध्ये विक्रांतवरून चितगाव आणि कॉक्स बाजारवर झेपावलेल्या जातीचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा, चार महिने मुसळधार पाऊस. धातूला याहून वाईट शेजार नाही. रिगरचा मुलगा म्हणून मी सवयीने पोटाखाली वाकून बघितलं. जमीन कोरडी होती. आणि विक्रांत? ती तर 2014मध्ये मुंबईत तोडली गेली आणि तिच्या पोलादाचा काही भाग एका मोटरसायकलच्या टाकीत गेला. आमच्या सोसायटीत एकाकडे ती आहे. तो दर रविवारी तिला अंघोळ घालतो.

दिल्लीत पालमला हवाई दलाचं स्वतःचं स्पिटफायर आहे. ऐंशीच्या दशकात ते उडायचंही. आता उभं असतं. अलीकडे हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात 47ला श्रीनगरला फौज नेणाऱ्या डकोटाच्या जातीचं एक विमान आलं, तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेऊन 2018मध्ये भेट दिलेलं. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. विमानाचं नाव ठेवलं परशुराम. कोकणातल्या माणसाला अशा नावावर काही बोलता येत नाही. हात आपोआप जोडले जातात. वैमानिकाचा मुलगा विमान देतो, रिगरचा मुलगा लेख लिहितो, असंही आहे.

पुन्हा डक्सफर्ड. लेक कंटाळून कॉफी आणायला गेली होती. जाताना म्हणाली, “बाबा, दोन माणसांचं स्पिटफायर असतं, त्यात पैसे देऊन बसता येतं. अर्ध्या तासाचे तीनेक हजार पौंड. बसतोस?” मी म्हटलं, आधी तुझी फी संपू दे.

पंख उतरवलेल्या त्या विमानापाशी एक मेकॅनिक वाकून काहीतरी करत होता. साठीचा, पांढऱ्या मिशा, हातात लांब दांड्याचा पाना. मी दोरीपाशी इतका वेळ उभा होतो की शेवटी त्यालाच अवघडल्यासारखं झालं. त्याने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, इंडिया, वडील जलहळ्ळीला रिगर होते. बंगळूर म्हणताच त्याचा चेहरा बदलला. “आमच्याकडे तिथलं एक आहे,” तो म्हणाला. “पाच पात्यांचं.” मी मोबाइलमध्ये अण्णांच्या वहीचे फोटो ठेवले होते, ते दाखवले. पिठाच्या डब्यांच्या चित्रावर तो थांबला. बोटांनी मोठं करून बघत राहिला. मग म्हणाला, हे पुस्तकातून काढलेलं नाही, मोजून काढलंय. पुस्तकात हा कोपरा वेगळा दाखवतात.

पुढच्या पानावर पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टांचं चित्र होतं. स्पिटफायरचा अख्खा पंख मोजक्याच जाड बोल्टांवर धडाला लागलेला असतो. एका बोल्टाभोवती अण्णांनी गोल केला होता आणि समासात मराठीत काहीतरी लिहिलं होतं, शाई दाबून, रागाने.

“हे काय लिहिलंय?”

मी वाचून त्याला इंग्रजीत सांगितलं: निघत नाही. उद्या पुन्हा.

तो मोठ्याने हसला. पाना घेऊन आत गेला आणि डाव्या पंखाच्या मुळाशी टॉर्चचा झोत टाकला. तिथला एक बोल्ट त्याने मला लांबून दाखवला. मंगळवारपासून त्याच्याशीच चाललंय, म्हणाला. तेल सोडून ठेवलंय. मग त्याने विचारलं, तुमच्या भाषेत ते कसं म्हणायचं?

“उद्या पुन्हा.”

“पूना!” तो खूश होऊन म्हणाला. “पूना मला ठाऊक आहे. विमानांच्या जुन्या कागदांत सारखं येतं.”

लेक कॉफी घेऊन आली तेव्हा तो पुन्हा वाकला होता आणि ट्रेमध्ये कुठूनतरी थेंब पडत होता.